मस्कऱ्या गणपतीचा नारळ

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत साधा माणूस राहतच नाही. म्हणजे आज सगळे साधेच आहेत. कोणी शहराबाहेर वाडीच्या गोदामात मालाच्या पावत्या फाडतो, कोणी विम्याचे फॉर्म भरून घेतो, मी औषधाचं दुकान चालवतो. पण पूर्वजांची गोष्ट काढा, की प्रत्येकाचा खापरपणजोबा राजवाड्यात कामाला निघतो, आणि तोही मानाच्या कामाला. एकाचे पूर्वज राजाच्या स्वारीपुढे मशाल धरत. एकाचे पूर्वज हत्तीच्या अंघोळीवर देखरेख करत. आमच्याकडे राजाच्या पानदानाचा मान होता असं माझे वडील सांगत. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, आणि त्यांच्या वडिलांना कोणी सांगितलं हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

पुरावा मागाल तर तो राजवाड्याबरोबर जळाला. नागपूरच्या राजांचा जुना वाडा काळ्या दगडाचा आणि सागवानाच्या कोरीव खांबांचा होता म्हणतात. तो आगीत गेला, नगारखाना तेवढा उरला. ही शहराची फार मोठी हानी झाली हे मी मान्य करतो, पण आमच्या गल्लीची त्यात चांगलीच सोय झाली. कोणीही काहीही सांगावं, कागद दाखवा म्हणायची सोय नाही. गंमत अशी की इतक्या घरांत एकाचाही पूर्वज राजवाड्यात भांडी घासत नव्हता की अंगण झाडत नव्हता. सगळे मानकरीच. राजाला पाणी तापवून कोण देत असेल, या विचारानं मी कधीकधी काळजीत पडतो.

आता मस्कऱ्या गणपतीबद्दल. नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरचा पाहुणा आला की तो आधी कॅलेंडर पाहतो आणि मग आपल्याकडे पाहतो, अहो, पितृपक्षात कुठे गणपती बसतो का म्हणून. बसतो. आमच्या राजांपैकी एक जण मोहिमेवरून परत आले तोवर घरचा गणपती शिरवून, म्हणजे विसर्जन करून, झाला होता. हौस तर राहिली. मग त्यांनी पितृपक्षातच दुसरा गणपती बसवला आणि त्याच्यापुढे लावण्या, खडीगंमत, नकला असा सगळा धुडगूस घातला. पितृपक्षाला आमच्याकडे हाडपक म्हणतात, म्हणून तो हाडपक्या गणपती, आणि मस्करी चालते म्हणून मस्कऱ्या. मला या राजाबद्दल फार प्रेम आहे. लढाया सगळ्याच राजांनी केल्या, पण आपल्याला उशीर झाला म्हणून देवालाच पुन्हा बोलावून घेणारा एखादाच असतो.

आमच्या गल्लीतही हा गणपती बसतो, लहानसा, आणि एका संध्याकाळी त्याच्यापुढे दरबार भरतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर जरीची चादर टाकली की सिंहासन झालं. त्यावर माझा लहानपणापासूनचा मित्र महाराज होऊन बसतो. तो विमा एजंट आहे, त्यामुळे न हसता खोटं बोलायची त्याला सवय आहे. दरवर्षी गल्लीतल्या एकाला दरबारात हजर करतात आणि त्याच्यावर आरोप ठेवतात. आरोप मी लिहितो, आरोपीची नक्कलही मीच करतो. ज्याची नक्कल, त्यानं पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसायचं, रागवायचं नाही, आणि शेवटी उठून उत्तर द्यायचं. उत्तरात तो कोणाचीही खोडी काढू शकतो, महाराजांचीसुद्धा. ही मुभा थेट राजाच्या काळापासून आहे असं आम्ही सांगतो. कागद मागू नका.

आरोपी कोण हे आधी कोणाला कळू द्यायचं नाही. त्या दिवशी सकाळी लाल दोरा बांधलेला नारळ मी एका दारात गुपचूप ठेवून येतो. नारळ दिसला की त्या घरानं समजायचं, आज आपण. मग तोच नारळ फोडून, खोवून, त्या घरानं गल्लीभराचा शिरा करायचा. ऐकायला ही शिक्षा वाटते. पण ज्या घरी सात-आठ वर्षं नारळ गेलेला नाही, ते घर माझ्या दुकानात येऊन खोकल्याचं औषध जरा फुरंगटूनच मागतं. आपली टिंगल करावी इतकेही आपण गल्लीच्या खिजगणतीत नाही, हे माणसाला झोंबतं.

नारळ जायचा तो मानकऱ्यांच्याच घरी. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. दरबारात दरबारी उभा राहणार, यात वेगळं काय आहे, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर वाटायचंही नाही, मी त्यावर कधी विचारच केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मी मशालवाल्या काकांची पाळी ठरवली. काका ऐंशीच्या घरातले, काठी घेऊन चालणारे, कडक. स्वारीपुढे मशाल धरणाऱ्यांचे वंशज, पण घरातला जिन्यातला दिवा कोणी दोन मिनिटं जास्त ठेवला तर गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत. आणि सदऱ्याच्या खिशातल्या मोबाइलचा टॉर्च चोवीस तास सुरू. तो बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारणं त्यांच्या शानीत बसत नव्हतं. भर दुपारी काका उजेड छातीवर घेऊन मटार आणायला निघत. त्यांच्यावर मी जो आरोप लिहिला होता तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला आरोप होता. राजवाडा जळाला त्या दिवशी मशाल कोणाच्या हातात होती? चार पानं लिहिली होती. बायकोला वाचून दाखवली तर ती हसता हसता स्वयंपाकाच्या ओट्याशी टेकली, आणि ती सहसा माझ्या लिखाणाला हसत नाही.

काकांच्या घराचा आणि शेजारच्या घराचा ओटा एकच आहे. एक लांब ओटा आणि दोन दारं. शेजारच्या दारात उमरेडवाल्या काकू राहतात. त्यांचे यजमान एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यांची बहुतेक नोकरी उमरेड-नागपूर रस्त्यावरच गेली. तीस वर्षांपूर्वी त्यांनी ते अर्धं घर घेतलं. यजमान गेल्यावर काकू एकट्याच साड्यांना फॉल-पिको करून राहत होत्या. गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या साडीची खालची कड त्यांच्या हातातून गेलेली. तीस वर्षांनंतरही त्या उमरेडवाल्याच. दरबाराला मात्र सगळ्यांच्या आधी येत, मागे सतरंजीवर खांबाला टेकून बसत आणि सगळ्यांच्या शेवटी उठत.

तर त्या सकाळी मी नारळ काकांच्या दारात ठेवला आणि दुकान उघडायला पळालो. तीनच्या सुमाराला बायको दुकानात आली. ती दुकानात आली की काहीतरी बिघडलेलं असतं, कारण एरवी ती फोन करते.

"अहो, नारळ कोणाच्या दारात ठेवला तुम्ही?"

"हळू बोल. संध्याकाळी कळेल."

"मले आताच कळलं. उमरेडवाल्या काकू आपला मोठा गंज मागायला आल्या होत्या. शिऱ्यासाठी. आज आमच्याकडे नारळ आला म्हणे. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

माझ्या हातातलं प्रिस्क्रिप्शन तसंच राहिलं. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी दोनदा तीच पट्टी दिली. मी घाईत होतो हे खरं, ओटा एकच हेही खरं. पण मी दार चुकलो असेन यावर माझा विश्वास बसेना.

"जाऊन सांगता का मग त्यांना?" बायको म्हणाली. "तुमच्यात दम असेल तर जा. मी तर नाही जाणार."

मांडवात जाऊन पाहतो तर बातमी आधीच पोचलेली. महाराज, म्हणजे माझा मित्र, डोकं खाजवत बसला होता. मशालवाले काका काठीवर हनुवटी टेकवून, टॉर्च सुरू ठेवून, अगदी शांत बसले होते. इतके शांत काका मी जन्मात पाहिले नव्हते.

"वय होऊन राहिलं गा तुझं," ते मला म्हणाले. "दार चुकतोस. असो, बाप्पाची इच्छा."

"शिरा घेऊन टाकू अन् नक्कल रद्द करू," मित्र म्हणाला. "सांगू, यंदा वेळ नाही. नाहीतरी राजवाड्याशी त्यांचा काय संबंध? आरोप तरी काय ठेवशील?"

मला राग आला. कोणाचा ते मला तेव्हा नीट कळलं नाही, पण आला. बाई गल्लीभरासाठी रवा भाजत होती आणि आम्ही तिचा शिरा खाऊन तिची टिंगलही करायला तयार नव्हतो. मी म्हटलं, नक्कल होईल, संध्याकाळी सहाला. मित्र म्हणाला, तीन वाजून गेले आहेत. मी म्हटलं, माहीत आहे, माझ्याकडे घड्याळ आहे.

पण तोंडानं असं म्हणून मी निघालो ते मनात वेगळंच ठरवून. आधी काकूंना खरं सांगायचं. चूक झाली, नारळ दुसऱ्याचा होता, माफ करा. नारळ अजून तसाच असेल तर काकांच्या दारात नेऊन ठेवता येईल, काकूंची पाळी पुढे कधी तरी लावू. आपल्या चार पानांचा मोह मला सुटत नव्हता हे कबूल करतो. राजवाडा कोणी जाळला हा आरोप वर्षभर फुकट ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं.

काकूंचं दार उघडं होतं. आतून तुपाचा वास येत होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो. समोर आमचा पितळी गंज स्टोव्हवर, बाजूला परातीत खोवलेलं खोबरं, आणि नारळाच्या दोन्ही करवंट्या खिडकीत धुऊन पालथ्या घातलेल्या. लाल दोरा काकूंनी मनगटाला बांधला होता.

"या ना भाऊ, आत या," काकू म्हणाल्या. "बसा. खुर्चीवरचे कपडे सरकवा."

मी आत जाऊन बसलो. मग मला वाटलं, आता आलोच आहोत तर काहीतरी खोड शोधून काढू. दुकानदाराला गल्लीची गुपितं माहीत असतात. कोणाला गॅस होतो, कोण केसांना काय लावतो, कोण झोपेची गोळी बायकोपासून लपवून घेतो, सगळं माझ्याकडे असतं. नकलांचं अर्धं सामान मी काउंटरवरूनच उचलतो. पण काकूंच्या बाबतीत आठवून आठवून काय आठवलं, तर महिन्याला एकदा डोकेदुखीचा बाम. तीस वर्षांत एवढंच. बामावर चार पानं लिहिता येत नाहीत.

"काकू," मी साळसूदपणे विचारलं, "तुम्हाला राग कशाचा येतो हो?"

काकू रवा हलवत राहिल्या. "लिवायले काही भेटून नाही राहिलं का?"

मी खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या नीट करू लागलो.

"लिवा, बाई घोरते."

"पण घोरता हे कोणाला माहीत आहे? लोकांना माहीत असेल तर लोक हसतात."

"हाव, तेही खरं आहे," त्या म्हणाल्या आणि गंजात पाणी ओतलं. बराच वेळ चर्र आवाज होत राहिला. "मंग तुमी काही बी लिवा भाऊ. मले चालते. वाईट लिवा पण लिवा."

दुकानात परत येऊन मी औषधांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहायला बसलो. अर्धा तास काही सुचलं नाही. ज्या माणसाबद्दल आपल्याला काही माहीत नाही त्याची टवाळी करता येत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. शेवटी ते काहीच माहीत नसणं हाच आरोप केला. ही बाई परगण्यातून आलेली हेर आहे. फॉल लावायच्या निमित्तानं घराघरातल्या साड्या ताब्यात घेते, कोणाची साडी किती जुनी, कोणती माहेरची, कोणती सवलतीतली, हे सगळं टिपते आणि उमरेडच्या एस.टी.नं गुप्त खलिते पाठवते. तीस वर्षं राजधानीत राहून हिनं आपला मान जाहीर केलेला नाही, म्हणजे नक्कीच हेर. दीड पान झालं. मी कपाळाला हात लावला आणि तेच घेऊन निघालो.

सहाला दरबार भरला. मधल्या खुर्चीवर उमरेडवाल्या काकू बसल्या होत्या. जांभळं हातमागाचं लुगडं, नऊवारी, कडक घडीचं. पाय खुर्चीवरून जमिनीला नीट टेकत नव्हते, त्यांनी ते एकावर एक ठेवले होते. त्यांच्या शेजारी मशालवाले काका, चेहऱ्यावर देवमाणसाचा भाव. मी डोक्यावर पदर घेऊन, बायकोची जुनी साडी गुंडाळून काकू झालो आणि महाराजांपुढे उभा राहिलो. लोक हसले, पण ते माझ्या मिश्या पदराबाहेर आल्या म्हणून. फॉलचा विनोद बायकांना आवडला. खलित्याला कोणी हसलं नाही. माझी नक्कल पडली हे मला तिथेच कळलं, कारण मी काकूंसारखं काही करत नव्हतो. त्या कशा चालतात, कशा बोलतात, तेच मला येत नव्हतं. मी कोणत्याही म्हाताऱ्या बाईची नक्कल करत होतो.

"आरोपीला उत्तर द्यायचं आहे काय?" महाराजांनी विचारलं. त्यालाही लवकर उरकायचं होतं.

काकू उठल्या. आधी गणपतीला हात जोडले, मग महाराजांना.

"आरोप बराबर आहे महाराज," त्या म्हणाल्या. "मी उमरेडची. राजवाड्यात माहा कोणी मानकरी नव्हता. पण एक इचारू का? हे सारे मानकरी, मशालवाले, पानदानवाले, हत्तीवाले, दरबारात येत होते तवा नेसून काय येत होते?"

महाराजांनी हातातला कागद उलटून पाहिला. त्याच्या संहितेत हे नव्हतं.

"माह्या माहेरी माग होते. आज्याच्या आज्यापासून. धोतर विणत, काठ विणत, अन् ते गाठोडं नागपुरात येत होतं राजवाड्यासाठी. पुरावा नाही माह्यापाशी. तो तुमच्या पुराव्यासंगंच जळाला." इथे पहिला मोठा हशा झाला. त्या थांबल्या, हसू ओसरू दिलं. "तर महाराज, आमी एखाद्या वर्षी माग बंद ठेवला असता, तर तुमचा अख्खा दरबार..." त्यांनी पहिल्या रांगेतल्या मानकऱ्यांवरून एकेक करून नजर फिरवली आणि स्वतःचा पदर घट्ट ओढून घेतला. "जाऊ द्या. मी बाईमाणूस, पुढचं सांगत नाही."

अख्खा मांडव हसत सुटला. हत्तीवाल्यांची सून तोंडात पदर कोंबून हसत होती. महाराजांनी नकळत दोन्ही हात मांडीवर घेतले, तर लोक आणखी हसले.

आणि मग काकूंनी नकला सुरू केल्या. मी वीस वर्षं ज्याला नक्कल म्हणत होतो ती नक्कल नव्हती, हे त्या दहा मिनिटांत मला कळलं. विमा एजंट मृत्यूबद्दल बोलताना कसा चहा फुंकतो, ते त्यांनी नुसत्या कपाच्या आविर्भावानं दाखवलं. माझी बायको शिवायला दिलेल्या साडीचा फॉल कसा उलटा करून तपासते आणि मग "छान झाला" म्हणते, ते दाखवलं. बायको माझ्या पाठीमागे लपली. मग काकू शेजारी वळल्या, मशालवाल्या काकांची काठी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली, कोणाचा तरी मोबाइल मागून टॉर्च लावला, तो छातीशी धरला आणि भर उन्हात अंधार चाचपडणारा म्हातारा होऊन चार पावलं चालल्या. माझी चार पानं त्या चार पावलांत आली. शेवटी त्या थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि काठीच्या टोकानं जमिनीवरचं काहीतरी हळू, एकदा, दोनदा पुढे सरकवलं. हे कोणाला कळलं नाही, तरी सगळे हसले. काका मात्र हसायचे थांबले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी हौसेनं पुढे सरसावलो. आपली नक्कल होणार म्हटल्यावर कोणाला आवडत नाही.

काकूंनी हातात वायरचं वेटोळं धरल्यासारखं केलं. दार ठोठावलं. दार उघडलं. आणि उघडणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून, आत भिंतीकडे बघत, माझ्या आवाजात म्हणाल्या, "काकू, वायर लावतो." मग दोन पावलं मागे जाऊन पुन्हा तेच दार, तीच मान, तीच नजर भिंतीकडे. "काकू, वायर काढतो."

आमच्या मांडवाला वीज काकूंच्या खिडकीतून घेतात. त्यांचं घर मांडवाला सगळ्यात जवळ पडतं, म्हणून. दर गणपतीत मीच वायर घेऊन जातो.

"यंदा वायर लावतो," काकू म्हणाल्या. "यंदा वायर काढतो." त्या हेच करत राहिल्या. पहिल्या चार-पाच वेळा लोक पोट धरून हसले, कारण मी खरंच तसाच उभा राहतो, एक पाय दाराबाहेर. नंतर हसू कमी होत गेलं. काकू थांबल्या नाहीत. सात, आठ, नऊ वर्षं. एकदा मध्येच दार उघडणाऱ्या बाईनं डोळे पुसले, कुंकू पुसल्यासारखा कपाळावरून हात फिरवला, आणि पुन्हा माझ्या आवाजात आलं, "काकू, वायर लावतो." ते त्यांचे यजमान गेले ते वर्ष होतं. मी बायकोची साडी गुंडाळून तसाच उभा होतो. मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं आणि लपवायला डोक्यावर पदर होताच, पण तो ओढायचीही लाज वाटली.

महाराजांनी दरबार बरखास्त केला. आरोप मागे घेतला की नाही हे जाहीर करायचं तो विसरला.

मग शिरा वाटला. चांगला झाला होता, वेलदोडा जास्त नाही, तूप हात राखून नाही. पातेल्याभोवती लोक पुन्हा बोलायला लागले, हसायला लागले. हत्तीवाल्यांच्या सुनेनं काकूंकडून पुन्हा एकदा माझ्या मानेची नक्कल करून घेतली. काकूंना दिवसभरात पहिल्यांदाच कोणी तरी पाणी आणून दिलं. मशालवाले काका शिरा घेऊन लवकर घरी गेले, पाय दुखतो म्हणाले.

सगळे पांगल्यावर मी आमचा गंज परत न्यायला काकूंकडे गेलो. अजून साडेआठही झाले नव्हते. त्या ओट्यावर बसून गंज घासत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, घरी घासू. त्या म्हणाल्या, शिऱ्याचं भांडं लगेच घासावं लागते. मी उभा न राहता त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो. वीस वर्षं नकला लिहिणाऱ्या माणसाला माफी कशी मागतात ते येत नव्हतं.

"काकू, एक सांगायचं आहे," मी म्हटलं. "नारळ तुमच्याकडे यायचा नव्हता. माझी चूक झाली. सकाळी घाईत दार चुकलं."

"तुमचं दार नाही चुकलं," काकू म्हणाल्या. राखेचा हात त्यांनी क्षणभर थांबवला. "तुमी बराबर काकाच्याच दारात ठेवला. मी खिडकीत होती, मशीनवर. तुमी गेले अन् काका बाहेर आले. नारळ पाह्यला. इकडे तिकडे पाह्यलं. मंग काठीनं हळूहळू सरकवत सरकवत माह्या दारात आणला. त्याइले शिरा करायचा नव्हता, अन् तुमची चार पानं कानावर गेली होती त्याइच्या."

मला काकांचा राग आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. त्या म्हाताऱ्यानं वाकता येत नसताना लांबलचक ओट्यावरून नारळ ढकलत नेला असेल, हे डोळ्यांपुढे आलं.

"मग तुम्ही तेव्हाच सांगितलं का नाही?"

"मी पाच मिनटं दारातच उभी राह्यली नारळापुढे," काकू म्हणाल्या. "काठीनं ढकललेला नारळ होता भाऊ. पण दारात तर आला. तीस वर्षांत पह्यल्यांदा आला. मंग मी उचलला, धुतला, देवापुढे ठेवला, अन् चहा बी नाही घेतला, आधी फोडून टाकला."

"एवढी काय घाई होती?"

त्यांनी गंज पालथा करून पाणी निथळू दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"नाही फोडला असता तर तुमी दुपारी आले होते ना, तो उचलून नेला असता."

नेला असता. हात जोडून, सॉरी काकू म्हणून, नेला असता.